अभ्यास हवा आणि फुटबॉलही हवा : मुदखेडच्या पालकाने शाळा कशी निवडावी?

जुलै महिना लागला की आमच्याकडे पालकांची विचारणा सुरू होते. नवोदयचा फॉर्म कधी निघतो, वसतिगृहाची यादी कधी लागते, जातीच्या दाखल्याला किती दिवस लागतात, असेच प्रश्न बहुतेक असतात. मुदखेडहून आलेला प्रश्न मात्र वेगळा होता. "जय भीम साहेब. पोरगं पाचवीत हाय. गणितात लई हुशार हाय. पण दिवस मावळेपर्यंत फुटबॉल सोडत नाही. अभ्यास बी चांगला अन् फुटबॉल बी चांगला, अशी शाळा कोणती?"

हा प्रश्न ऐकून आपल्यातलेच काही शिकलेले लोक हसतात. फुटबॉल बघून शाळा निवडणे ही मुंबईच्या कॉन्व्हेंटवाल्यांची चैन आहे, आपल्या पोराने गुमान दहावी-बारावी करावी, नोकरीला लागावे, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला हे म्हणणे मान्य नाही. आपल्या पोरांनी एकच गोष्ट मागावी आणि तीही हात जोडून मागावी, ही सवय ज्यांनी लावली त्यांचीच ही भाषा आहे. श्रीमंताचा पोरगा सकाळी प्रॅक्टिसला जातो, दुपारी प्रयोगशाळेत बसतो आणि संध्याकाळी गिटार शिकतो, तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, नेमके काय करणार? मुदखेडच्या गँगमनचा पोरगा दोन गोष्टी मागतो तेव्हाच सर्वांना शिस्त आठवते.

आणि फुटबॉल हा काही मराठवाड्याला परका खेळ नव्हे. मुदखेड हे जुन्या निजामी रेल्वेवरचे जंक्शन. इथून एक फाटा आदिलाबादकडे जातो आणि दुसरा निजामाबादवरून हैदराबादकडे. त्या हैदराबादेत, काचीगुड्याच्या शाळेत, सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक मास्तर होते. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. शाळेत शिकवता शिकवता ते फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. तेव्हापासून आजपर्यंत भारतीय फुटबॉलला एवढे यश पुन्हा मिळालेले नाही, आणि ते मिळवून दिले ते एका शाळामास्तरने. रहीमसाहेबांवर २०२४ साली सिनेमा आला तेव्हा अनेकांना त्यांचे नाव पहिल्यांदा कळले. मराठवाडा १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानाचा, पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. राज्य बदलले, मुंबईशी नाते जुळले, पण खेळाची ती शाळा आपल्याकडे आलीच नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परंपरेने हॉकी टिकली. फुटबॉल मात्र पोरांच्या पायात राहिला आणि शाळेच्या वेळापत्रकातून गेला.

तेव्हा प्रश्न रास्त आहे. आता उत्तराकडे वळू.

मुदखेडच्या पालकासमोर पहिला मार्ग जवाहर नवोदय विद्यालयाचा. नांदेड जिल्ह्याचे नवोदय बिलोली तालुक्यात शंकरनगरला आहे. सहावीत ८० मुले घेतात. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न आणि १०० गुणांची. त्यात निम्मे गुण बुद्धिमत्तेचे, उरलेले गणित आणि भाषेचे. परीक्षा मराठीतून देता येते. राहणे, जेवणे, पुस्तके, कपडे सर्व सरकारचे. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी घेतात, पण अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना, सर्व मुलींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तो माफ आहे. जागा भरताना अनुसूचित जातीचे प्रमाण जिल्ह्यातील लोकसंख्येप्रमाणे धरतात आणि ते १५ टक्क्यांच्या खाली येऊ देत नाहीत.

इथे एक मेख आहे, ती मुदखेडकरांनी नीट समजून घ्यावी. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. ग्रामीण कोणाला म्हणायचे? ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत काढली त्याला. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असले तरी मुलगा शहरी धरला जातो. मुदखेडला नगरपरिषद आहे. म्हणजे मुदखेड गावातल्या शाळेत शिकणारा पोरगा कागदावर शहरी, आणि बारड किंवा मुगटच्या जिल्हा परिषद शाळेत शिकणारा ग्रामीण. अनेक आईबाप गावातली जिल्हा परिषदेची शाळा सोडून तिसरीत पोराला मुदखेडच्या किंवा नांदेडच्या इंग्रजी शाळेत घालतात, वर्षाला पंधरा-वीस हजार भरतात आणि नवोदयच्या वेळी कळते की आपण हाताने दार लावून घेतले. ज्यांची मुले आज दुसरीत आहेत त्यांनी हे वाचून ठेवावे. आणखी एक, ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

नवोदयात फुटबॉल कसा? नवोदयची स्वतःची स्पर्धांची उतरंड आहे. क्लस्टर, मग विभाग, मग राष्ट्रीय. महाराष्ट्र, गुजरात, गोवा यांचा मिळून पुणे विभाग होतो. तिथून निवडलेली मुले शालेय राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जातात. नववीत काही मुले वर्षभरासाठी परराज्यातल्या नवोदयात पाठवतात, तिकडची इकडे येतात. शाळा निवासी असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ मैदान मिळते, एसटीची वाट बघत बसावे लागत नाही, पोटभर जेवण मिळते. मुदखेडहून रोज नांदेडला अप-डाऊन करणाऱ्या पोराला शिकवणी धरून खेळायला किती वेळ उरतो, हे पालकांनीच मोजून पाहावे. आम्हाला विचाराल तर अभ्यास आणि खेळ दोन्ही हवे असणाऱ्या आपल्या मुलासाठी आजही नवोदय पहिल्या क्रमांकावर आहे. तिथे फुटबॉलचा खास प्रशिक्षक मिळेलच असे नाही. पी.टी.चे सर चांगले असले तर पोरगा तरतो.

दुसरा मार्ग क्रीडा प्रबोधिनीचा. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली ही योजना सुरू केली. आठ ते चौदा वयाच्या मुलांची शारीरिक चाचणी घेतात. उंची, वजन, ३० मीटर धावणे, शटल रन, उभ्याने लांब उडी, उंच उडी, मेडिसिन बॉल फेकणे, पुढे वाकणे आणि ८०० मीटर धावणे. पोराला बॉल किती येतो हे सुरुवातीला कोणी बघत नाही, शरीर बघतात. निवड झाली की राहणे, जेवणे, शिक्षण आणि प्रशिक्षण शासनाचे. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव रिक्षाचालकाचा मुलगा. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतूनच वर आला.

प्रबोधिनीत खेळ पक्का, यात वाद नाही. शंका आहे ती अभ्यासाची. मुले जवळच्या शाळेत जातात, दिवसातून दोनदा घाम गाळून येतात आणि पुस्तकासमोर बसली की डोळे मिटतात. जो पोरगा खरोखर असामान्य आहे त्याने तिकडे जावे. पण गल्लीत सर्वांत चांगला खेळतो म्हणून असामान्य होत नाही. टाटा फुटबॉल अकादमी जमशेदपूरला १९८७ पासून आहे, नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स २०१५ पासून आहे. दोन्ही ठिकाणी निवडलेल्या मुलाचा खर्च संस्थाच करते, शाळाही शिकवते. पण जागा बोटावर मोजण्याइतक्या आणि पोरे देशभरातली. याच्या उलट, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'युरोपात ट्रायल'चे आमिष दाखवणारे आणि फॉर्मलाच हजारो रुपये घेणारे गल्लोगल्ली झाले आहेत. साधा नियम सांगतो. ज्यांना तुमचा पोरगा हवा असतो ते तुमच्याकडे पैसे मागत नाहीत.

तिसरा मार्ग सैनिक शाळेचा. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. चंद्रपूरची २०१९ ची. प्रवेश सहावीत आणि नववीत. अनुसूचित जातीला १५ टक्के जागा आहेत. मैदाने उत्तम, शिस्त कडक, खेळ सक्तीचा. फी मात्र मोठी. शिष्यवृत्ती मिळते, पण ती हातात येईपर्यंत पालकाचा जीव टांगणीला लागतो.

चौथा मार्ग आपल्या हक्काचा आणि आपणच विसरलेला. समाजकल्याण खात्याच्या, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठीच्या शासकीय निवासी शाळा. सहावी ते दहावी, सर्व मोफत. इमारती अनेक ठिकाणी खासगी शाळांना लाजवतील अशा आहेत. पण या इमारतींच्या मागे जी जागा मोकळी पडली आहे तिथे दोन गोलपोस्ट उभे करायला कोणाला सुचत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान असले पाहिजे असे लिहिले आहे. आपले कार्यकर्ते भोजनाच्या ठेक्यावरून आंदोलन करतात, ते योग्यच आहे. पण एकदा तरी सहायक आयुक्तांना विचारा की या शाळेचा संघ जिल्हा स्पर्धेत उतरला होता काय?

जिल्हा स्पर्धेचा विषय निघालाच आहे तर त्याची रचनाही सांगतो, कारण शाळा निवडताना ती उपयोगी पडते. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा होतात. जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. महानगरपालिका हा वेगळा जिल्हा धरतात. म्हणजे नांदेड शहरातल्या शाळा मनपाच्या गटात आणि मुदखेड, भोकर, उमरीच्या शाळा ग्रामीण नांदेडच्या गटात. शहरातल्या मोठ्या शाळेत पोरगा राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसेल, तोच तालुक्याच्या शाळेतून पहिल्या अकरांत उतरून लातूर विभागापर्यंत जाऊ शकतो. सुब्रतो कपही असाच टप्प्याटप्प्याने दिल्लीला जातो. ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे आणि ती संघाची नव्हे, शाळेची आहे. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्याला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे शासकीय नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे. प्रमाणपत्र खरे असले पाहिजे आणि वयही. वय चोरून खेळवणारे सर पोराचे भले करत नाहीत. सुब्रतोत आख्खे संघ वयाच्या तपासणीत बाद झाले आहेत.

आता पाचवा मार्ग, जो आपल्या लोकांना जवळजवळ माहीतच नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची 'श्रेष्ठ' योजना २०२२ साली सुरू झाली. अनुसूचित जातीच्या हुशार मुलांना नववीत आणि अकरावीत देशातल्या नावाजलेल्या खासगी निवासी सीबीएसई शाळांत प्रवेश मिळतो. फी सरकार थेट शाळेला भरते. नववीला वर्षाला एक लाखापर्यंत, बारावीला एक लाख पस्तीस हजारापर्यंत. पालकाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. एकूण जागा सुमारे तीन हजार. परीक्षा १०० प्रश्नांची : गणित ३०, विज्ञान २०, समाजशास्त्र २५, सामान्यज्ञान २५. गुण मिळाल्यावर शाळांचा पसंतीक्रम मुलाने स्वतः भरायचा असतो.

ज्या शाळांच्या दारात आपला माणूस वॉचमन म्हणून उभा राहिला, त्यांच्या फुटबॉल संघात आपला पोरगा या वाटेने जाऊ शकतो. पण अडचण उघड आहे. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत, अभ्यासक्रम एनसीईआरटीचा. मराठी माध्यमातला मुदखेडचा मुलगा तिथे अडखळतो. म्हणून सातवीपासूनच विज्ञान-गणिताची इंग्रजी पुस्तके हाताळायला हवीत. आपल्या विहारांत संध्याकाळी वंदनेनंतर एक तास यासाठी दिला तर कोणी अडवणार नाही. बौद्ध मुलांनी केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच काढून ठेवावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला खरा, पण कारकुनाच्या टेबलावर तो पुन्हा पुन्हा सिद्ध करावा लागतो. आणि योजना म्हटली की त्या वर्षीची जाहिरात निघाली की नाही, निकष बदलले की काय, हे पाहूनच पुढे जावे.

शाळा कोणतीही असो, एकदा स्वतः जाऊन बघा. माहितीपत्रकावरचा हिरवागार फोटो बघू नका. दुपारी चार वाजता जा. मैदानावर पोरे आहेत काय, की मैदानावर बस उभ्या आहेत? चाळीस पोरांत बॉल किती? एकच बॉल असेल तर एकोणचाळीस पोरे नुसती पळतात. खेळ शिकवणाऱ्या सरांनी भारतीय फुटबॉल महासंघाचे परवानाधारक प्रशिक्षण घेतले आहे काय? वर्षाला सामने किती? संघातल्या पोरांचे दहावीचे निकाल कसे, हे नावानिशी विचारा. खेळाडू पोरे नापास होतात असे उत्तर आले तर ती शाळा खेळही नीट शिकवत नाही असे खुशाल समजा. परीक्षेच्या दोन महिने आधी मैदान बंद होते काय? सर पोराला मारतात काय? पाय मुरगळला तर कुठे नेतात?

आणि वसतिगृह बघा. हा मुद्दा जाहिरातीत कधीच नसतो. जेवायला कोण कोणाजवळ बसतो, खोल्या कशा वाटल्या आहेत, 'कोट्यातला' हा शब्द तिथे चालतो काय, हे वरच्या वर्गातल्या आपल्या मुलाला बाजूला घेऊन विचारा. दिल्लीच्या एम्समध्ये जातिभेदाच्या तक्रारी झाल्या तेव्हा डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली अहवाल दिला. देशातले सर्वांत हुशार डॉक्टर घडवणाऱ्या त्या संस्थेत वसतिगृहापासून मैदानापर्यंत आपली मुले वेगळी पाडली जात होती, असे त्यात दिसून आले. हे लिहिणारे थोरात नागसेनवनात, बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले.

मैदानावर जात नसते असे म्हणणाऱ्यांनी पळवणकर बाळूंची गोष्ट वाचावी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर बळी घेणारा हा चर्मकार समाजातला गोलंदाज. पुण्याच्या मैदानावर त्याच्या चेंडूला हात लावणारे सवर्ण खेळाडू त्याला चहा मात्र बाहेर, मातीच्या कपात देत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळाले, तेही भांडून. हेच बाळू १९३७ साली काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, तो भाग वेगळा. पण कप मातीचाच होता, हे त्यामुळे बदलत नाही.

दहावीनंतर काय, हा खरा पेच. आपल्याकडे दहावी झाली की पोरगा लातूरला किंवा नांदेडला. लातूर पॅटर्नने मराठवाड्याच्या खेड्यातली पोरे डॉक्टर-इंजिनिअर केली, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या पॅटर्नमध्ये मैदानाला जागा नाही. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत वर्ग, टेस्ट, पुन्हा वर्ग. ज्याने सहा वर्षे रोज दोन तास खेळून शरीर आणि मन घडवले त्याला एकदम कोंडून टाकले की त्याचा अभ्यासही बिघडतो. पोरे खोलीत एकटी पडतात. जो नवोदयात आहे त्याने बारावीपर्यंत तिथेच राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला लातूरला जायचेच आहे त्याने खोली मैदानाजवळ घ्यावी आणि आठवड्यातून चार दिवस तास-दीड तास खेळावे. क्लासवाले नाराज होतील. होऊ द्या.

फुटबॉलवर पोट भरेल काय, हेही पालक विचारतात. खरे सांगायचे तर फार थोड्यांचे भरते. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, मोठे करार झाले, पण २०२५ च्या जुलैत हीच लीग हक्कांच्या करारापायी अडकली आणि मोठमोठ्या खेळाडूंचे पगार थांबले. म्हणूनच आम्ही अभ्यासासह फुटबॉल म्हणतो. नागपूरला हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना बॉल दिला. नागराज मंजुळेंनी 'झुंड' काढला तेव्हा ती गोष्ट जगाला कळली. त्यातली बहुतेक पोरे व्यावसायिक खेळाडू झाली नाहीत. बॉल मिळाल्याने ती वाईट वाटेवरून मात्र हटली.

मुदखेडच्या त्या पालकांना आम्ही एवढे कळवले : पोरगा नगरपरिषदेच्या हद्दीतल्या शाळेत असल्याने शहरी जागांसाठी लढावे लागेल, तरी नवोदयचा फॉर्म भरा, शेवटच्या तारखेची वाट बघू नका. तहसीलमधून उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला याच महिन्यात काढा. नवोदय हुकले तर समाजकल्याणची निवासी शाळा बघा आणि आठवीत 'श्रेष्ठ'ची तयारी करा. सीआरपीएफच्या केंद्रात देशभरचे जवान प्रशिक्षणाला येतात, त्यात फुटबॉल खेळणारे असणारच. पोराला कोणी शिकवील काय, म्हणून एक अर्ज करून बघा. आणि बूट अर्धा नंबर मोठा घ्या, पाय वाढतो आहे.